टीव्हीतले पार्ट कापत सुटलेला ‘मॅडमॅन’ मुंट्झ

टीव्ही चालू आहे, मागचं झाकण उघडं आहे. एक माणूस खिशातून कटर काढतो आणि आतला एक पार्ट कचकन कापतो. चित्र दिसतंय? मग दुसरा कापतो. चित्र गेलं की शेवटचा पार्ट परत जोडायला सांगतो आणि निघून जातो.

अर्ल मुंट्झबद्दल हा किस्सा अमेरिकेतले इंजिनिअर आजही सांगतात.

मुंट्झचा जन्म १९१४ चा, इलिनॉय राज्यातल्या एल्जिनचा. शाळा अर्धवट सुटली. विशीत जुन्या गाड्या विकायला लागला, पण २१ वर्षं पूर्ण नव्हती म्हणून व्यवहाराच्या कागदांवर सह्या आईच्या. पुढे कॅलिफोर्नियात त्याने अशा काही अचाट जाहिराती केल्या की नावच पडलं, ‘मॅडमॅन’.

दुसऱ्या महायुद्धानंतर टीव्ही पसरू लागला, पण सामान्य माणसाला परवडेना. इंजिनिअरिंगची डिग्री नसलेल्या मुंट्झने साधा प्रश्न विचारला : एवढे पार्ट लागतात कशाला?

तेव्हा टीव्ही व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचे. प्रत्येक ट्यूबमधली फिलामेंट सतत तापती ठेवावी लागायची. म्हणजे ट्यूब कमी केल्या की वीज कमी, उष्णता कमी आणि किंमतही कमी. मुंट्झने १७ ट्यूबमध्ये टीव्ही बसवला आणि १०० डॉलरच्या आत विकून दाखवला.

पण गोम इथेच होती. कापलेले बरेच पार्ट कमकुवत सिग्नल पकडण्यासाठी होते. शहरात, टॉवरजवळ चित्र झकास. लांबच्या गावात मात्र नुसत्या मुंग्या.

१९५४ मध्ये त्याच्या टीव्ही कंपनीचं दिवाळं निघालं. गडी थांबला नाही. साठच्या दशकात त्याने गाडीत वाजणारे टेप विकले. १९८७ मध्ये तो गेला, पण अनावश्यक पार्ट काढण्याला ‘मुंट्झिंग’ हे नाव देऊन गेला.

आज बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवरून पॉवरचा एलईडी आणि व्होल्टेज रेग्युलेटर काढतात, ते याच विचाराने. बोर्ड झोपलेला असताना हे दोघेच बॅटरी खात बसतात. ते काढले की काही दिवसांत संपणारी बॅटरी कित्येक महिने टिकू शकते. मात्र रेग्युलेटर गेला की जास्त व्होल्टेजपासूनचं संरक्षणही जातं. चुकीची बॅटरी लावली की बोर्ड खलास.

म्हणून कटर चालवण्याआधी तो पार्ट तिथे कुणासाठी बसवलाय, हे बघायला हवं. मुंट्झच्या टीव्हीत तो लांबच्या गावातल्या माणसासाठी होता.