मतांचे गणित मांडणारा कोंदोर्से
(द्वितीय वर्ष, कला)

बहुमताने ठरले म्हणजे बरोबरच ठरले, असे आपण धरून चालतो. ग्रामसभेपासून विद्यार्थी मंडळापर्यंत हात वर होतात, मोजले जातात आणि विषय संपतो. पण बहुमत बरोबर असण्याची शक्यता किती, हा प्रश्न कागद-लेखणी घेऊन सोडवायला बसलेला एक माणूस अठराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेला. राज्यशास्त्राच्या तासाला त्याचे नाव एका वाक्यात येऊन गेले होते. पुढे त्याचे गणित आणि त्याचा शेवट, दोन्ही वाचनात आले आणि त्याच्यावर लिहिल्यावाचून मला राहवले नाही.

मार्क्विस द कोंदोर्से याचा जन्म १७ सप्टेंबर १७४३ रोजी पिकार्दी प्रांतातील रिबमाँ या गावी झाला. वडील घोडदळात कप्तान होते; मूल काही आठवड्यांचे असतानाच ते गेले. आई अत्यंत धार्मिक. मुलाला दृष्ट लागू नये म्हणून की काय, तिने त्याला कित्येक वर्षे मुलीचे पांढरे कपडे घातले असे सांगतात. जेझुइट पाद्रींच्या शाळेतून तो पॅरिसला आला, गणितात चमकला, १७६९ मध्ये विज्ञान अकादमीचा सभासद झाला आणि १७७६ मध्ये तिचा कायम चिटणीस. घराणे सरदारी, पण मन सरदारी नव्हते. १७८१ मध्ये टोपणनावाने त्याने गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिले.

त्याचा मोठा ग्रंथ १७८५ चा. विषय एकच : बहुमताने घेतलेले निर्णय बरोबर असण्याची शक्यता. त्यातील गणित आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला घाबरवणारे असले तरी गाभा सोपा आहे. समजा, एखाद्या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत आणि प्रत्येक मतदार बरोबर ठरण्याची शक्यता शंभरात साठ आहे. तिघांचे बहुमत घेतले तर ती शक्यता ६४.८ होते; पाच जणांचे घेतले तर ६८ च्या वर जाते; १०१ जणांचे घेतले तर ९८ च्या घरात पोचते. एकेकटा सामान्य असलेला माणूस समूहात जवळजवळ अचूक होतो! मात्र दोन अटी आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या डोक्याने मत दिले पाहिजे. आणि प्रत्येकाची शक्यता निम्म्याहून थोडी तरी अधिक पाहिजे. ती साठाऐवजी चाळीस असेल तर सगळे उलटते. मग १०१ माणसे मिळून बरोबर ठरण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन उरते.

त्याच ग्रंथात त्याने दाखवलेली दुसरी गोष्ट अधिकच चमत्कारिक आहे. ती आपल्या सहलीवरून सांगतो. तिघांना विचारले. पहिल्याची पसंती वेरूळ, मग महाबळेश्वर, मग रायगड. दुसऱ्याची महाबळेश्वर, रायगड, वेरूळ. तिसऱ्याची रायगड, वेरूळ, महाबळेश्वर. आता दोन-दोन ठिकाणांची तुलना करा. वेरूळ महाबळेश्वराला हरवते, महाबळेश्वर रायगडाला हरवते, आणि रायगड वेरूळला! प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक. तिघेही शहाणे, पण तिघांचे मिळून मत असे काही नाहीच. १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी याच कोड्याच्या वाटेने पुढे जाऊन आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला आणि १९७० मध्ये आपल्या अमर्त्य सेन यांनी सामूहिक निवडीवरचा ग्रंथ लिहिला. नंतर संगणकशास्त्रज्ञही या वाटेला आले. कोंदोर्सेच्या विचाराला धरून मतदारांच्या पसंतीशी सर्वांत जुळणारा एकच क्रम शोधायचा, तर दहा उमेदवारांचे ३६,२८,८०० क्रम संभवतात; उमेदवार वाढले की हे काम संगणकालाही जड जाते, हे १९८९ मध्ये सिद्ध झाले. संगणक आणि सामूहिक निर्णय यांवरची विद्वानांची एक परिषद २००६ मध्ये ॲम्स्टरडॅमला भरली आणि पुढेही भरत राहिली. या सगळ्याच्या मुळाशी कोंदोर्सेने दिव्याच्या उजेडात हाताने केलेली आकडेमोड आहे.

ग्रंथातल्या एका विचाराशी मात्र माझे भांडण आहे. अडाणी लोकांची मोठी सभा धोक्याची, असे त्याचे गणित त्याला सांगत होते. माझी आई शाळेत गेली नाही. पण पाण्याची पाळी कोण चुकवतो आणि सभेत खोटे कोण बोलतो, हे तिला पदवीधरांपेक्षा अधिक कळते. तिची शक्यता चाळीस आहे, हे कोणी मोजले?

पण कोंदोर्से तेथेच थांबला नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो. अटी पुऱ्या होत नसतील तर मत काढून घ्या, असे न म्हणता त्या पुऱ्या करायला तो निघाला. क्रांतीनंतर १७९० मध्ये त्याने स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क द्यावेत असा लेख लिहिला. १७९१ मध्ये तो विधिमंडळात निवडून आला. एप्रिल १७९२ मध्ये त्याने सार्वजनिक शिक्षणाचा अहवाल मांडला : चारशे वस्तीच्या प्रत्येक गावाला शाळा, सर्व पायऱ्यांवर शिक्षण मोफत, मुलींनाही शिक्षण, गरिबांच्या हुशार मुलांचा खर्च सरकारकडे. शिवाय दर रविवारी मास्तरांनी गावातल्या मोठ्या माणसांसाठीही वर्ग घ्यावा! घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हे कलम वाचताना रविवारी पारावर बसलेले माझे वडील डोळ्यांपुढे आले. अहवाल वाचला जात होता त्याच दिवशी, २० एप्रिलला, ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले गेले आणि शाळा मागे पडल्या. पुढच्या वर्षी त्याने राज्यघटनेचा मसुदा केला. त्यात मालमत्तेची अट न ठेवता एकवीस वर्षांवरील पुरुषांना मत होते. स्त्रिया राहूनच गेल्या, हे विसरता येत नाही.

जानेवारी १७९३ मध्ये राजाचा खटला सभागृहापुढे आला. कोंदोर्सेने राजाला दोषी ठरवले, पण देहदंडाच्या विरुद्ध मत दिले. बहुमतात चुकीची शक्यता कितीही कमी केली तरी शून्य होत नाही, आणि फाशी परत घेता येत नाही, हे त्याने पूर्वीच ताडले होते. काठावरच्या बहुमताने राजाला मृत्यूची शिक्षा झाली. मग जॅकोबिनांनी आपली वेगळी घटना घाईने मंजूर करून घेतली. कोंदोर्सेने तिच्यावर टीका केली आणि ८ जुलै १७९३ रोजी त्याच सभागृहाने त्याच्या अटकेचा हुकूम काढला.

मादाम व्हेर्ने नावाच्या विधवा बाईने त्याला आठ महिन्यांहून अधिक काळ पॅरिसमधील आपल्या घरी लपवले. पत्नी सोफी माणसांची चित्रे काढून पोट भरत होती. मुलीची मालमत्ता वाचावी म्हणून तिला घटस्फोटाचा अर्जही करावा लागला. ग्रंथालय नाही, टिपणे नाहीत, बाहेर गिलोटिन. आणि हा गृहस्थ आत बसून माणसाच्या बुद्धीची प्रगती कशी होत जाईल याचा इतिहास लिहीत होता! पकडला गेलो तर बाईचाही जीव जाईल, म्हणून २५ मार्च १७९४ रोजी तो तिची नजर चुकवून निघून गेला. शहराबाहेरच्या जुन्या मित्रांनी त्याला थारा दिला नाही. दोन दिवस भटकून तो क्लामारच्या एका खाणावळीत शिरला. तेथे त्याने ऑम्लेट मागितले आणि किती अंड्यांचे असे विचारताच डझनभर सांगितले, त्यावरून हा कष्टकरी नव्हे हे ओळखले गेले, अशी आख्यायिका आहे. त्याला बूर-ला-रेनच्या तुरुंगात टाकले. एक-दोन दिवसांत तो कोठडीत मृत सापडला. विष घेतले की शरीरच थकले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

त्याने लपून लिहिलेले पुस्तक १७९५ मध्ये निघाले आणि त्याच सभागृहाने त्याच्या तीन हजार प्रती विकत घेतल्या. सोफीने पुढे त्याचे समग्र लेखन एकवीस खंडांत आणण्यास मोठा हातभार लावला. १९८९ मध्ये, क्रांतीच्या द्विशताब्दीला, फ्रान्सने त्याला पॅरिसच्या पाँतेआँमध्ये सन्मानाने जागा दिली. तेथील शवपेटी रिकामी आहे. त्याचे अवशेष कधीच हरवले होते.