मेडोज टेलर : ठगांची जबानी लिहून घेणारा अधिकारी

आमच्या कॅसलरॉकचे स्टेशन एके काळी ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज गोवा यांच्या सरहद्दीवर होते. गाडी थांबली की कस्टमचे लोक उतारूंच्या ट्रंका-वळकट्या तपासीत. कोणाची वळकटी सोडायला लावायची, हे ते कशावरून ठरवीत असतील? पुराव्यावरून, की चेहऱ्यावरून? हाच प्रश्न मला फिलिप मेडोज टेलर यांच्या चरित्रात पुन्हा भेटला.

टेलर यांचा जन्म 1808 साली लिव्हरपूल येथे झाला. पंधरा वर्षांचा हा मुलगा मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला. पण त्या व्यापाऱ्याचीच पेढी डबघाईला आली होती. नाहीतर आपल्या वाणिज्य शाखेला एक चांगला हिशेबनीस मिळाला असता! 1824 साली तो निजामाच्या फौजेत शिरला आणि इथल्या भाषा शिकला.

1829 च्या सुमारास त्यांच्याकडे पोलिसांचे काम आले. रस्त्याकडेला प्रेते सापडत. पण फिर्यादी नाही, साक्षीदार नाही. प्रवासी घरापासून फार दूर मारला जाई, त्यामुळे तो कोठे नाहीसा झाला हे त्याच्या गावाला कळतच नसे. टेलर यांनी तपास सुरू केला. परंतु त्यांना परत पलटणीत बोलावण्यात आले.

तिकडे जबलपूर भागात स्लीमन यांनी हे कोडे सोडविले. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, सांगितलेली जागा खणायची, टोळ्यांच्या वंशावळी व खुनांच्या जागांचे नकाशे तयार करायचे, ही त्यांची रीत. गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगार ओळखण्याची ती सुरुवातीची पायरीच होय. पुढे टेलर यांनीही अशा जबान्या लिहून घेतल्या. त्यांवर आधारलेली त्यांची ठगावरील कादंबरी 1839 साली निघाली व गाजली.

मात्र या नाण्याला दुसरी बाजूही आहे. माफीचा साक्षीदार आपला जीव वाचविण्यासाठी बोलत असतो. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढेच शिक्षेला पुरेसे ठरले. 1871 च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. आपल्या हुबळीत व सोलापुरात त्यांच्यासाठी 'सेटलमेंट' उभ्या राहिल्या. हा कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला जायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. लोकांच्या मनातून तो अजूनही गेलेला नाही.

टेलर यांना हा भेद आयुष्यात जवळून पाहावा लागला. 1841 ते 1853 ते सुरपूरला होते. तेथील बालराजा व्यंकटप्पा नायक त्यांना 'अप्पा' म्हणे. 1858 मध्ये तोच राजा बंड करून कैदेत पडला. सरकारच्या दप्तरी तो गुन्हेगार; टेलर यांच्या लेखी अंगाखांद्यावर वाढलेले पोर! ते तुरुंगात जाऊन त्याला भेटले. फाशी टळली, पण कैदेच्या वाटेवरच पिस्तुलाच्या गोळीने राजाचा अंत झाला.

टेलर 1876 साली फ्रान्समधील मेंटन येथे वारले. त्यांच्या चरित्रातून मी एकच गोष्ट घेतली. माणसाने काय केले याचा तपास जरूर व्हावा. पण तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून निकाल लागू नये. मित्रांनो, आपल्या गावात चोरी झाली की पहिले बोट कोणत्या वस्तीकडे वळते, ते एकदा आठवून पाहा.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य