इंजिन घडविणारे शंतनुराव

मुलांनो, आर्वी किंवा कारंजा भागातील संत्र्याच्या बागेत तुम्ही कधी गेला आहात काय? वीज गेली की तेथे एखाद्या विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन सुरू होते. त्याची फटफट दूरवर ऐकू येते. अशा इंजिनाला शेतकरी त्याच्या कारखान्याच्या नावानेच ओळखतात : किर्लोस्कर. तो कारखाना उभारणाऱ्या शंतनुरावांची ही हकीगत आहे.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे वडील लक्ष्मणराव लोखंडी नांगर बनवीत. लोखंडाने जमिनीत विष पसरते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! पुढे १९१० साली औंध संस्थानातील निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना काढला. तीच किर्लोस्करवाडी. सात वर्षांचे शंतनुराव तेथे यंत्रांच्या खडखडाटातच वाढू लागले. १९२२ साली ते यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेत गेले आणि १९२६ साली पदवी घेऊन वाडीला परतले.

नांगर ओतणे वेगळे आणि इंजिन बनविणे वेगळे. इंजिनाच्या माथ्यावर दोन झडपा असतात. उर्दूत झडप म्हणजे चकमक. येथे मात्र झडप म्हणजे उघडझाप करणारे दार. एका झडपेतून हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. मधल्या वेळात दोन्ही घट्ट बंद राहतात. तेव्हा हवा दाबली जाऊन इतकी तापते, की ठिणगीवाचून डिझेल पेट घेते. झडप किंचित जरी गळली, तरी दाब निघून जातो आणि इंजिन सुरूच होत नाही. म्हणून मिस्त्री झडप बसविताना खरखरीत मलम लावून तिला तिच्या बैठकीवर फिरवून फिरवून घासतो. मग रॉकेल ओतून गळते का ते पाहतो. स्प्रिंग चढविल्यावर झडपेच्या दांड्याशी जाड कागदाएवढी फट ठेवतो, कारण तापल्यावर दांडा वाढतो. फट नसेल तर झडप पुरती मिटत नाही. दोन्ही झडपांची अदलाबदल चालत नाही. धुराची झडप फार तापते, म्हणून ती उष्णता सोसणाऱ्या पोलादाची लागते. मोटारीच्या इंजिनातही अशाच झडपा असतात.

इतके नेमके काम हजारो इंजिनांत सारखेच साधायचे होते. त्या काळी इंजिने बहुतेक परदेशातून येत. दुसऱ्या महायुद्धात ती मिळणे कठीण झाले. नांगर नाकारणारा शेतकरी देशी इंजिनावर विश्वास ठेवील काय? शंतनुरावांनी हे धाडस केले. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे त्यांनी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना सुरू केला. तेव्हा लक्ष्मणराव हयात होते. वडिलांचा नांगर दोन वर्षे पडून होता. मुलाची इंजिने पुढे परदेशांतही विकली गेली.

१९६५ साली शंतनुरावांना पद्मभूषण मिळाले. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. गावोगावचे मिस्त्री त्यांच्या कारखान्याची जुनी इंजिने अजूनही उघडतात, झडपा घासतात आणि पुन्हा बसवितात.