तोट्यात गेलेल्या व्यापाऱ्याचे स्मरण

दोन राष्ट्रांचा स्नेह जुळला की त्या स्नेहाला एखादा पूर्वज लागतो. भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यातील मैत्रीचे पर्व सुरू झाले तेव्हा असा पूर्वज शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. १९५५ च्या उन्हाळ्यात पंडित नेहरू रशियाच्या दौऱ्यावर गेले, वर्षअखेरीस बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले. आणि त्याच वर्षी व्होल्गाकाठच्या त्वेर शहरात, ज्याचे नाव तेव्हा कालिनिन होते, अफनासी निकितीन या पंधराव्या शतकातील व्यापाऱ्याचा पुतळा उभा राहिला. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी मिळून त्याच्या जीवनावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. त्यात नर्गिस होती, बलराज साहनी होते आणि महमूद गावानच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. १९९१ साली सोव्हिएत युनियन लयाला गेले, पण निकितीनचे स्मरण थांबले नाही. तो भारतात ज्या चौल बंदरात उतरला, त्याच्या शेजारी रेवदंड्याला २००२ साली त्याचा स्मृतिस्तंभ उभारण्यात आला.

पुतळा झाला, चित्रपट झाला, स्तंभ झाला. शतकोत्तर उत्सवांची मात्र एक अडचण आहे. निकितीनचा प्रवास नेमका कोणत्या वर्षांतला, यावर विद्वानांचे एकमत नाही. १४६६ ते १४७२ हा काळ पूर्वी सर्वमान्य होता. पुढे सोव्हिएत संशोधकांनीच तो १४६८ ते १४७५ च्या सुमारास आणून ठेवला. त्यामुळे त्याच्या जयंतीचे वर्ष कोणते आणि पुण्यतिथीचे कोणते, हे ठामपणे सांगणे कठीण. परंतु वर्षाच्या वादापेक्षा मोठा प्रश्न असा की, या माणसाचे आपण नेमके काय म्हणून स्मरण करावे? मैत्रीचा अग्रदूत म्हणून त्याला हार घालणे सोपे आहे. त्याचे आयुष्य पाहू गेल्यास निराळेच चित्र दिसते.

निकितीन हा त्वेरचा. त्या वेळी त्वेर हे स्वतंत्र संस्थान होते. मॉस्कोने ते गिळंकृत केले १४८५ साली. त्वेरचा राजा मिखाईल बोरिसोविच याचे परवानापत्र घेऊन तो मालासह व्होल्गा नदीतून निघाला, तेव्हा भारत त्याच्या स्वप्नातही असण्याचे कारण नव्हते. त्याला जायचे होते कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठावरील शिरवानच्या राज्यात. मॉस्कोचा वकील त्याच वाटेने जाणार होता. त्याच्या सोबतीने प्रवास सुरक्षित होईल असा त्याचा हिशेब होता. तो वकील आधीच निघून गेला होता, म्हणून शिरवानच्या परतणाऱ्या वकिलाच्या तांड्यात निकितीन सामील झाला. हा वकील मॉस्कोच्या राजाने दिलेले नव्वद शिकारी ससाणे घेऊन चालला होता.

अस्त्राखानजवळ तातारांनी तांड्यावर हल्ला केला. निकितीनचा माल ज्या लहान नावेत होता ती लुटली गेली. पुढे वादळात आणखी एक नाव फुटून किनाऱ्याला लागली व तिच्यातील माणसे डोंगरी टोळ्यांच्या हाती सापडली. उरलेले व्यापारी दर्बंदला पोचले आणि त्यांनी शिरवानच्या शहाकडे दाद मागितली. पकडलेली माणसे सुटली. मात्र मायदेशी परतण्यासाठी खर्ची मिळाली नाही. मागणारे फार आहेत, हे त्याचे कारण सांगण्यात आले. व्यापारी रडले आणि पांगले. मायदेशी ज्यांच्याजवळ काही होते ते परतले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितीन परतला नाही. तो दुसऱ्या गटातला असावा, असा तर्क त्यामुळेच केला जातो. उधारीवर माल उचललेल्या व्यापाऱ्याला रिकाम्या हाताने घर गाठणे किती अवघड असते, हे आपल्याकडच्या बाजारपेठांतील कोणासही समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

बाकूहून तो इराणात उतरला, गावोगाव थांबत होर्मुझला पोचला. तेथे त्याला दख्खनच्या घोड्यांच्या व्यापाराची वार्ता लागली असावी. या व्यापाराचे अर्थशास्त्र सरळ होते. दख्खनच्या हवेत जातिवंत घोड्याची पैदास होत नसे आणि बहमनी सुलतानांपासून विजयनगरच्या रायांपर्यंत सर्वांचे सैन्य घोड्यावाचून पांगळे होते. म्हणून अरबस्तान-इराणातून येणाऱ्या घोड्याला येथे वाटेल ती किंमत मिळे. निकितीनने आपले उरलेसुरले भांडवल एका घोड्यात घातले. तो घोडा हिंदुस्थानात आणीपर्यंत त्याला शंभर रूबल पडला, अशी नोंद त्याने केली आहे. गलबतातून सहा आठवड्यांनी तो चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला लागला १४९८ साली; म्हणजे हा त्याच्या सुमारे पाव शतक आधीचा काळ.

चौलच्या लोकांना त्याच्या गोऱ्या कातडीचे नवल वाटले आणि त्याला त्यांच्या उघड्या अंगांचे व एकेरी वेणीचे. तेथून घाट चढून तो जुन्नरला आला. पावसाने त्याला तेथेच दोन महिने अडकवून ठेवले. चार महिन्यांच्या या चिखलपावसाला तो त्यांचा हिवाळा म्हणतो. रशियन माणसाला वाटा बंद करणारा ऋतू हिवाळ्यावाचून दुसरा कोणता ठाऊक असणार! याच जुन्नरला त्याच्यावर सर्वांत मोठे संकट ओढवले. हा परदेशी मुसलमान नाही असे कळताच तेथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. न बदललास तर घोडाही गेला आणि दंडही, असा पर्याय पुढे ठेवून त्याला चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपता संपता महंमद नावाचा एक खोरासानी गृहस्थ गावी आला. निकितीनने त्याच्याकडे गाऱ्हाणे मांडले. त्याने असदखानाकडे रदबदली करून घोडाही सोडवला आणि धर्मही वाचवला. एका मुसलमान अधिकाऱ्याने छळले आणि दुसऱ्या मुसलमान गृहस्थाने सोडवले, या दोन्ही गोष्टी निकितीनने सारख्याच निर्विकारपणे नोंदल्या आहेत.

जुन्नरहून बेदरला जाण्यास त्याला एक महिना लागला. वाटेतील गावांची नावे त्याने दिलेली नाहीत. रोज तीन-तीन, चार-चार वस्त्या लागत, एवढेच तो सांगतो. नकाशावर जुन्नर आणि बेदर जोडणारी रेषा ओढली तर ती सोलापूर-धाराशिवच्या परिसरातूनच जाते. तेव्हा नळदुर्गचा किल्ला आणि तुळजाभवानीचे क्षेत्र ज्या मुलखात आहे, त्या मुलखाचा हा एका परक्या माणसाने केलेला ओझरता उल्लेख समजण्यास हरकत नाही. आळंदच्या जत्रेचे त्याचे वर्णन मात्र ओझरते नाही. धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात असलेले हेच ते आळंद, असे अभ्यासक मानतात. शेख अलाउद्दीन या सत्पुरुषाच्या स्मरणार्थ तेथे वर्षातून एकदा दहा दिवसांचा बाजार भरे, त्यात वीस हजार घोडे विक्रीला येत, आणि हिंदुस्थानातील तो उत्तम बाजार होय, असे तो लिहितो. पुण्यस्मरण आणि बाजार यांचा हा संबंध तुळजापूरच्या नवरात्राची गर्दी पाहिलेल्यांना परका वाटणार नाही.

बेदरमध्ये निकितीनची दृष्टी खऱ्या अर्थाने उघडली. सुलतान महंमदशहा तेव्हा विशीतला तरुण होता आणि कारभार खोरासानी उमरावांच्या हाती होता. त्या सर्वांत श्रेष्ठ मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, ही पदवी धारण करणारा महमूद गावान. हाही मूळचा कॅस्पियनकाठच्या गिलानचा. व्यापारासाठी दख्खनमध्ये आला आणि वजीर झाला. एकाच समुद्राकडून आलेल्या दोन व्यापाऱ्यांपैकी एकाच्या हाती राज्य आले आणि दुसऱ्याच्या हाती एक वही राहिली. गावानचा शेवटही सुखाचा झाला नाही. १४८१ साली त्याच सुलतानाने कारस्थानाला बळी पडून त्याचा शिरच्छेद करविला.

निकितीनने त्या दरबाराचा थाट दुकानाची खतावणी लिहावी तसा लिहून ठेवला. राजवाड्याला सात दरवाजे; प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद करणारे शंभर कारकून. सुलतानाच्या स्वारीत दहा हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि सोन्याच्या चिलखतांनी मढविलेले दोनशे हत्ती. या आकड्यांत अतिशयोक्ती असू शकेल. पण आकडे मांडून झाल्यावर त्याने जी गोष्ट नमूद केली तिच्यात अतिशयोक्ती नाही. देश माणसांनी गजबजलेला आहे, खेड्यांतील रयत अत्यंत दरिद्री आहे आणि उमराव अमर्याद संपन्न आहेत, असे त्याने स्वच्छ लिहिले. दरबारच्या तवारिखकारांना हे वाक्य सुचले नसते. मराठी मुलखाने बेदरच्या बादशाहीची आठवण जपली ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेतून. त्या कथेत सरकारी कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटल्याचा हिशेब पुरा करण्यास साक्षात विठ्ठलाला यावे लागते. भक्तांची कथा आणि परदेशी व्यापाऱ्याची वही, दोन्ही एकाच दारिद्र्याविषयी बोलतात.

बेदरला त्याने घोडा विकला. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, हे त्याने हिंदूंना सांगितले आणि तेव्हापासून ते त्याच्यापासून काही लपवेनासे झाले. त्यांच्यासह तो श्रीशैल पर्वताच्या शिवरात्रीच्या यात्रेला गेला. त्यांची खिचडी, त्यांचे उजव्या हाताने जेवणे, एका जातीने दुसऱ्या जातीसोबत पंगतीला न बसणे, सारे त्याने टिपले. स्वतःच्या धर्माविषयी मात्र तो बेचैन होता. धर्मपुस्तके लुटीत गेल्यामुळे ईस्टर केव्हा येतो हे त्याला कळेना. अंदाजाने दिवस मोजावे आणि मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपलेही उपवास करावे, असा त्याचा क्रम पडला. त्याच्या वहीत रशियन भाषेत मधूनच तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांचे प्रवाह मिसळतात. तो अखेरीस मुसलमान झाला होता काय, यावर विद्वान अजून भांडतात. एवढे खरे की आठवणीतला धर्म आणि भोवतालचा धर्म यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत त्याने कित्येक वर्षे काढली.

व्यापाराचा निष्कर्षही त्याने दडवला नाही. हिंदुस्थानात रशियासाठी मुबलक माल मिळेल असे सांगून लोकांनी आपल्याला फसविले. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर आहे आणि समुद्रावर चाचे आहेत, असा त्याचा हिशेब आहे. थोडक्यात, या व्यापारात आपल्या देशाला लाभ नाही. मैत्रीच्या समारंभात वाचून दाखविण्याजोगा हा मजकूर नव्हे.

त्याहून अडचणीचा मजकूर आणखी एक आहे. मायदेशाच्या आठवणीने व्याकूळ होऊन त्याने रशियन भूमीसाठी प्रार्थना लिहिली. तिच्यासारखी भूमी जगात नाही. मात्र तिचे सरदार न्यायी नाहीत, तेथे न्याय नांदो, असा त्या प्रार्थनेचा आशय. हा भाग त्याने रशियनमध्ये लिहिला नाही, तुर्कीत लिहिला. यामागे भीती होती की दीर्घ प्रवासात जडलेली सवय, हे आज कोण सांगणार? पण ज्या डोळ्यांनी त्याने बेदरच्या रयतेचे दारिद्र्य पाहिले, त्याच डोळ्यांनी त्याला स्वदेशातील अन्यायही दिसत होता, हे निर्विवाद.

दाभोळहून तो परत निघाला. वाऱ्याने गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन सोडले. तेथून मस्कत, होर्मुझ, इराण करीत तो काळ्या समुद्रावरील त्राब्झोनला पोचला. तेथे हेर समजून त्याची झडती घेण्यात आली आणि उरलीसुरली चीजवस्तू गेली. समुद्र ओलांडून तो काफा बंदरात उतरला, पण त्वेरला पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मृत्यूने गाठले. त्याची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोच्या एका दरबारी अधिकाऱ्याच्या हाती दिली आणि ती बखरीत समाविष्ट झाली. सुमारे साडेतीन शतकांनंतर इतिहासकार करम्झिनला ती एका मठाच्या ग्रंथालयात सापडली. १८२१ साली ती समग्र छापली गेली आणि १८५७ साली इंग्रजीत आली.

असा हा मैत्रीचा पूर्वज. ज्यांनी त्याचे पुतळे उभारले त्यांचा हेतू वाईट नव्हता; पण राज्यकर्त्यांना स्मारकासाठी हसतमुख प्रवासी हवा असतो, तोट्याचा हिशेब मांडणारा व्यापारी नको असतो. आजही उभय देशांच्या व्यापाराचे विक्रमी आकडे जाहीर होतात. २०२३-२४ या वर्षात भारताने रशियाकडून सुमारे ६१ अब्ज डॉलरचा माल घेतला, त्यात खनिज तेलाचा वाटा फार मोठा. आणि रशियाला विकला तो जेमतेम ४ अब्ज डॉलरचा. निकितीनची तक्रार आज उलट बाजूने करता येईल. स्नेहाची भाषणे चालू असताना अशी वजाबाकी करून दाखविणे हेच त्याच्या परंपरेला धरून होईल.

तेव्हा त्याचे स्मरण करायचे तर स्तंभाला हार घालून थांबू नये. चौल, जुन्नर, आळंद आणि बेदर यांविषयीची त्याची मोजकी पाने या पट्ट्यातील शाळा-महाविद्यालयांतून वाचली जावीत. आपल्या पूर्वजांकडे सव्वापाचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका परक्याने पाहिले आणि राजाच्या हत्तींबरोबर रयतेची उपासमारही मोजली. दोन देशांना जोडण्यास असा साक्षीदार मिळणे हे भाग्यच. त्याचे शब्द मात्र पुरतेपणी, आपल्याला न रुचणाऱ्या भागासकट, ऐकले पाहिजेत.