हातमोजे आणि एक थकबाकीदार

चार्ल्स गुडइयर नावाचा अर्जदार माझ्या टेबलासमोर येऊन बसला असता, तर त्याचं प्रकरण मी पहिल्याच पानावर बाजूला ठेवलं असतं. वडिलोपार्जित धंदा बुडालेला, जुनी देणी डोक्यावर, तारण नाही, जामीनदार नाही. शिक्षण बेताचं, रसायनशास्त्राशी संबंध शून्य. आणि कर्ज कशासाठी हवंय, तर उन्हाळ्यात वितळणारा आणि थंडीत तडकणारा झाडाचा चीक सुधारायला! बँकेतल्या नोकरीत असे छांदिष्ट मी बरेच पाहिले. त्यांना चहा पाजायचा आणि गोड बोलून वाटेला लावायचं, ही आमची रीत. त्यांतला एखादा गुडइयर असेल का, हा प्रश्न निवृत्तीनंतर पडू लागला. नोकरीत असताना तो पडून चालत नाही.

त्याची आठवण व्हायला निमित्त मात्र हातमोज्यांचं. माझी पुतणी नारायण पेठेतून रोज मोटरसायकलनं हिंजवडीला जाते. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल मुठेखाली गेला, की तिचा रस्ता लांबतो आणि भिजणंही वाढतं. जुलैतल्या रात्री पुण्याचा पारा बावीस-तेवीसवर असतो. घरात बसणाऱ्याला ती हवा सुखाची. पण ओल्या हातांवर ताशी पन्नासाच्या वेगाचं वारं घेणाऱ्याची बोटं अर्ध्या तासात बधिर होतात. रविवारी हीच मंडळी ताम्हिणी घाटात जातात, तिथं तर विचारायलाच नको. बधिर बोटाला ब्रेकची लिव्हर क्षणभर उशिरा सापडते. त्या क्षणात गाडी किती पुढं गेलेली असते, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. तेव्हा पाणी आत न येणारे, आणि पडलो तर हात वाचवणारे हातमोजे कसे निवडायचे, असं पुतणीनं मला विचारलं. मला विचारलं, कारण काका निवृत्त आहेत आणि वाचत बसतात. वाचता वाचता मी १८३४ सालच्या न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाशी जाऊन पोचलो.

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवनला. वडील शेतीची अवजारं आणि बटणं बनवत. मुलानं फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचं दुकान काढलं. दुकान चाललं, पण उधारी फार दिली आणि वसुली झाली नाही. असं बुडालेलं दुकान लक्ष्मी रस्त्यानंही पाहिलेलं आहे. फरक एवढाच, की तेव्हा तिकडं कर्ज थकलं तर माणसाला तुरुंगात टाकत. १८३० साली गुडइयर पहिल्यांदा आत गेला. पुढं त्याच्या आयुष्यात तुरुंग इतक्या वेळा येतो, की मोजायचा कंटाळा यावा.

त्या काळी रबराची नवलाई होती. त्याला इंडिया रबर म्हणत, पण आपल्या हिंदुस्थानाशी त्याचा संबंध नव्हता. माल दक्षिण अमेरिकेतून येई. ग्लासगोच्या मॅकिंटॉश यांनी १८२३ साली कापडाच्या दोन थरांत रबर घालून पाऊसकोटाच्या कापडाचं पेटंट घेतलं होतं. अमेरिकेतही बूट, कोट, टोप्या काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. गुडइयर अशाच एका कंपनीच्या न्यूयॉर्कच्या दुकानात शिरला. तिथल्या जीवरक्षक पट्ट्याची हवा भरायची झडप त्याला सदोष वाटली. ती सुधारून तो परत गेला, तेव्हा दुकानदारानं त्याला आतली गोष्ट सांगितली. दोष झडपेत नव्हताच. हिवाळ्यात विकलेला माल उन्हाळ्यात वितळून, वास मारत परत येत होता. घाण इतकी, की तो पुरून टाकावा लागे.

इथून पुढं गुडइयरला दुसरं काही सुचलं नाही. फिलाडेल्फियाला परतताच जुन्या देण्यासाठी पुन्हा अटक झाली, तर त्यानं बायकोकडून, क्लॅरिसाकडून, रबर आणि लाटणं मागवून घेतलं आणि कोठडीतच रबर लाटत बसला. सुटल्यावर मॅग्नेशिया घालून पाहिला, चुना घालून पाहिला, नत्राम्ल लावून पाहिलं. प्रत्येक वेळी थोडं यश, मग उन्हाळा, मग चिकट लगदा. नत्राम्लाच्या युक्तीवर एक भांडवलदार मिळाला, तोच १८३७ ची मंदी आली आणि भांडवलदारच बुडाला. कुटुंब स्टेटन बेटावरच्या एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहू लागलं. हा गृहस्थ स्वतः रबराचे कपडे घालून गावभर हिंडे आणि लोक थट्टा करत. घरातली भांडीकुंडी गहाण पडली. पुढं मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली गेली. क्लॅरिसाविषयी चरित्रकार दोन-चार वाक्यांत आटोपतात. हे मला खटकतं. तिची निम्मी मुलं लहानपणीच गेली. आणि ज्या स्वयंपाकघरात प्रयोगांचा वास कधी सुटला नाही, ते चालवत होती ती.

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी त्याला नॅथॅनिएल हेवर्ड भेटला. हा रबरात गंधक घालून उन्हात वाळवत असे, त्यानं चिकटपणा कमी होई. गुडइयरनं त्याचे हक्क घेतले. सरकारनं टपालाच्या दीडशे पिशव्यांची मागणी नोंदवली तेव्हा दिवस पालटले असं वाटलं. तयार पिशव्या टांगून ठेवून हा काही दिवस बाहेरगावी गेला. परतला तेव्हा उकाड्यानं पिशव्या ओघळल्या होत्या. वरून छान वाटणारा माल आतून कच्चाच होता.

मग १८३९ चा तो प्रसंग. गंधक घातलेलं रबर तापलेल्या लोखंडी शेगडीला लागलं. ते वितळायला हवं होतं, पण कातड्यासारखं करपलं, आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी राहिली, ती लवचीक आणि कोरडी. त्यानं तो तुकडा रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत खिळ्यानं ठोकून ठेवला. सकाळीही तो तसाच लवचीक होता. या प्रसंगाला लोक योगायोग म्हणतात. मला ते पटत नाही. शेगडीवर रबर अनेकांचं पडलं असेल. ते बाहेर थंडीत नेऊन ठोकायचं सुचलं ते पाच वर्षं मार खाल्लेल्या माणसालाच. तरी जवळच्या कुणालाही त्यात विशेष वाटलं नाही. नेमकी किती उष्णता, किती वेळ, किती गंधक हे ठरवण्यात आणखी पाच वर्षं गेली. त्याच सुमाराच्या एका हिवाळ्यात दोन वर्षांचा मुलगा गेला, आणि अंत्यविधीपुरतेही पैसे घरात नव्हते.

गंधक करतं काय? कच्च्या रबराचे लांबलचक रेणू उकडलेल्या शेवयांसारखे एकमेकांत नुसते पडलेले असतात. उष्णता मिळाली की घसरतात, थंडीत आखडतात. तापवलेलं गंधक या शेवयांना ठिकठिकाणी टाके घालतं. मग ताणलं तरी रबर मूळ जागी येतं. हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. गुडइयर आंधळेपणानंच चालला होता.

पण पारखायचं कसं, ते त्यानं दाखवून दिलं. माल दुकानात कसा दिसतो हे पाहू नये, उन्हात आणि थंडीत कसा वागतो ते पाहावं. पुतणीच्या हातमोज्यांना मी हीच कसोटी लावली. रस्त्यावर मिळणारे नुसत्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या थराचे मोजे पाणी अडवतात, यात वाद नाही. पण ते घामही अडवतात, आणि तासाभरात हात आतूनच भिजतो. हा प्रश्न गुडइयरला सुटला नव्हता. तो सुटला १९६९ साली, ज्या वर्षी आमच्या चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. अमेरिकेत बॉब गोअर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यानं एकीला हिसका दिला, तर ती कितीतरी पट लांबली. त्यातून निघालेल्या पातळ पडद्याची छिद्रं इतकी बारीक, की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. चांगल्या मोज्यात असा पडदा बाहेरचं कापड किंवा कातडं आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये असतो. नुसतं बाहेरचं कापड पाणी झटकतंय म्हणून भुलू नये. दोन पावसांत तो गुण जातो, कापड पाणी पितं आणि हात कोरडा असूनही गारठतो.

मोजा घालून मूठ वळावी आणि शक्य तर गाडीवर बसून क्लच-ब्रेक दाबून पाहावेत. बोटांची टोकं शिवणीला भिडत असतील तर मोजा लहान आहे. तळव्यावर कापडाची घडी पडत असेल तर मोठा आहे. ती घडी हँडलच्या मुठीवर सरकते. ओल्या हातानं मोजा काढताना आतलं अस्तर उलटं बाहेर येत असेल तर तो घेऊच नये, पुन्हा बोटं आत घालणं कठीण होतं. जाड लोकरी अस्तर हिमालयात ठीक, आपल्या पावसाला पातळच बरं, कारण लिव्हर हाताला जाणवली पाहिजे. पडताना माणूस आधी हात टेकवतो, म्हणून तळव्याच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर जाड पट्टी, बोटांच्या सांध्यांवर कवच आणि मनगटाला घट्ट पट्टा हवाच. युरोपात दुचाकीस्वारांच्या हातमोज्यांसाठी ‘ईएन १३५९४’ हे मानक आहे. त्याची खूण आतल्या चिठ्ठीवर शोधावी. रेनकोटची बाही मोज्यावर यावी, आत खोचू नये. नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी थेट बोटांत जमतं. आणि ओले मोजे गॅसच्या शेगडीजवळ वाळवू नयेत. गुडइयरला शेगडी फळली, पडद्याला फळत नाही.

यश आलं तेव्हाही गुडइयरचं नशीब फाटकंच राहिलं. १५ जून १८४४ ला त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. पण इंग्लंडमध्ये त्याच्या रबराचा तुकडा थॉमस हॅनकॉक यांच्या हाती पडला होता. त्यांनी त्यावरून स्वतः प्रयोग करून १८४३ च्या नोव्हेंबरातच तिथलं पेटंट मागितलं. रोमन अग्निदेवता व्हल्कनवरून या क्रियेचं व्हल्कनायझेशन हे नाव पडलं, तेही हॅनकॉक यांच्या वर्तुळातच. हॅनकॉकना मी खलपुरुष ठरवणार नाही. ते कष्टाळू होते, आणि कागद वेळेवर करत. गुडइयरनं अमेरिकेतले परवाने फार स्वस्तात दिले आणि नकला करणाऱ्यांशी कज्जे खेळत राहिला. १८५२ साली ट्रेंटनच्या मोठ्या खटल्यात त्याच्या बाजूनं डॅनियल वेबस्टर उभे राहिले. खटला जिंकला, वेबस्टरना पंधरा हजार डॉलर मिळाले. एवढी रक्कम अशिलानं क्वचितच एकरकमी पाहिली असेल.

आलेला पैसा तो प्रदर्शनांत घाली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यानं सगळ्या वस्तू रबराच्या असलेलं दालन उभारलं. क्लॅरिसा १८५३ साली इंग्लंडातच वारली. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यानं त्याहून थाटाचं दालन मांडलं. तोच फ्रान्समधलं पेटंट तांत्रिक कारणावरून रद्द झालं, तिथली मिळकत थांबली आणि त्याला देणेकऱ्यांच्या तुरुंगात, क्लिशीला, जावं लागलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियननं दिलेलं ‘लीजन ऑफ ऑनर’ त्याच्या मुलानं तिथं कोठडीत नेऊन दिलं.

१ जुलै १८६० ला, आजारी मुलीला भेटायला निघालेला गुडइयर न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात वारला. मागं सुमारे दोन लाख डॉलरचं देणं राहिलं. पुढं १८८९-९० च्या हिवाळ्यात विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदांनी आपल्या परिचारिकेचे जंतुनाशकानं सोललेले हात वाचावेत म्हणून गुडइयरचं नाव लावणाऱ्या एका रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. ती परिचारिका, कॅरोलाइन हॅम्प्टन, नंतर त्यांची पत्नी झाली. टायरची प्रसिद्ध कंपनी १८९८ साली अ‍ॅक्रनमध्ये फ्रँक सायबरलिंग यांनी काढली. तिला नाव गुडइयरचं दिलं, पण त्याचा किंवा त्याच्या घराण्याचा तिच्याशी कसलाच संबंध नव्हता.