लोखंडे यांची चौथी मागणी

नारायण मेघाजी लोखंडे म्हटले की आपणांस रविवारची सुटी आठवते, आणि बहुधा तेवढीच आठवते. वस्तुतः १८८४ साली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांनिशी त्यांनी फॅक्टरी कमिशनसाठी जे निवेदन सिद्ध केले, त्यात मागण्या पाच होत्या. चौथी पगाराच्या तारखेविषयी होती: एका महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावे.

ही मागणी क्षुल्लक नव्हती. गिरण्या केलेल्या कामाचा पगार कित्येक आठवडे अडकवून ठेवीत, आणि कामगार पूर्वसूचनेवाचून निघून गेला तर ती रक्कम बुडे. तोवर त्याचे घर वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर चाले. मुकादमाची दस्तुरी निराळीच. याउलट अनेक गिरण्यांचे मॅनेजिंग एजंट उत्पादनाच्या दर पौंडामागे पाव आणा कमिशन घेत, मग गिरणीला नफा होवो वा तोटा. कमिशन बुडण्याचे भय वरच्यांना नव्हते. मजुरी बुडण्याचे भय मात्र खालच्यांना सदैव होते.

लोखंडे यांनी हा व्यवहार आतून पाहिला होता. १८४८ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ रेल्वे व टपाल खात्यांतील नोकरीनंतर गिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे ते अनुयायी. १८८० साली त्यांनी ‘दीनबंधु’ची धुरा घेतली. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना नियमावली, म्हणून पुढील काळातील पंडित तिला कामगार संघटना म्हणावयास कचरतात. परंतु ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहिणारा कोणी असणे, हे त्या दिवसांत थोडे नव्हते.

२४ एप्रिल १८९० च्या सभेस दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून रोजी मालकांनी रविवार मान्य केला. पगाराची तारीख तशीच राहिली.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे प्लेगला बळी पडले. त्याच प्लेगने मजूर शहर सोडून पळू लागले, तेव्हा गिरण्यांना रोजची मजुरी रोज चुकती करणे एकाएकी शक्य झाले. जे अर्जविनंत्यांनी साधले नव्हते ते मजुरांच्या टंचाईने काही काळ साधले. साथ ओसरताच मालकांनी ती पद्धत मोडू पाहिली, तेव्हा संप झाले.

वेतन ठरलेल्या मुदतीत देण्याचे कायदेशीर बंधन १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने आले. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना सात दिवसांची, इतरांना दहा दिवसांची मुदत मिळाली. लोखंडे यांनी मालकांना पंधरा दिवस देऊ केले होते.