जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : शेंगदाण्याच्या पलीकडचा शेतकरी

कार्व्हर म्हटलं की तुमच्या वर्गातली मुलं एका सुरात काय म्हणतात? शेंगदाणा! वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे 1981 पासून हा माणूस मराठी घरांत आपलाच झालेला आहे. पण निबंधात आणि भाषणात मुलं त्याच्या शेंगदाण्यापासून केलेल्या शेकडो पदार्थांची यादी म्हणून दाखवतात आणि खाली बसतात. मला विचाराल तर त्या यादीपेक्षा त्याची माती, त्याचा खत-खड्डा आणि त्याची परसबाग जास्त महत्त्वाची आहे. आज तेवढंच पाहू.

जन्म 1864 च्या सुमाराचा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, डायमंड गावाजवळ. आई मेरी ही मोझेस कार्व्हर यांची गुलाम. जॉर्ज तान्हा असताना लुटारूंनी मायलेकरांना पळवलं. बाळ परत मिळालं, आई कधीच मिळाली नाही. मोझेस आणि सुझन या दांपत्याने त्याला वाढवलं. प्रकृती नाजूक, त्यामुळे शेतातली जड कामं त्याला झेपत नसत. मग घरकाम, बागकाम आणि रानातली झाडं, हीच त्याची शाळा. पुढे शिक्षणासाठी गावोगाव भटकंती. कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग बघून नाकारला.

यानंतरचा भाग सहसा कोणी सांगत नाही. 1886 मध्ये त्याने कॅन्ससमधल्या बीलर गावाजवळ 160 एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगितला. त्या काळी कायदाच असा होता की जमिनीवर राहा, ती कसा, मग ती तुमची. माळ असा की घर बांधायला लाकूड नाही! मग काय, गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापायचे, विटांसारखे रचायचे आणि त्यात राहायचं. याने तसंच घर उभारलं. 17 एकर जमीन नांगरली. मका लावला, भाजीपाला केला, फळझाडं आणि रानझाडं लावली. एकटा माणूस बरं का! पण तो कोरडा मुलूख. 1888 मध्ये बँकेकडून 300 डॉलर कर्ज घेतलं आणि त्यानंतर लवकरच त्याने तो माळ सोडला. पाऊस आणि कर्ज यांच्यामध्ये शेतकरी कसा सापडतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मग आयोवा. आधी सिम्पसन कॉलेज, मग शेतकी कॉलेज, 1894 ला पदवी, 1896 ला पदव्युत्तर पदवी. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्याला अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत बोलावलं.

तिथली परिस्थिती नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. गुलामी कायद्याने संपली होती, पण बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं दुसऱ्याची जमीन बटईने कसत. बी, अवजारं, धान्य सगळं उधारीवर, आणि उधारीच्या बदल्यात कापूस. कापूस अगदी घराच्या भिंतीपर्यंत! वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन माती निकस झालेली. घरात खायला विकतचं मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी. भाजी नाही, दूध नाही. माणसं आजारी पडत, आणि हिशेबाच्या दिवशी उधारी फिटलेली नसेच.

अशा माणसाला विकतचं खत घाल म्हणून सांगून काय उपयोग? कार्व्हरने सांगितलं ते बिनपैशाचं. रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला काळा गाळ आणा, गोठ्यातल्या शेणखतासोबत थर लावा, कुजू द्या. आपल्याकडेही उन्हाळ्यात तळ्यातला गाळ शेतात टाकतात, तोच हिशेब. कापसाच्या रानात चवळी लावा, म्हणजे तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतील. रताळी लावा, भुईमूग लावा. दारात भाजी, चार कोंबड्या, एखादी गाय, एखादं डुक्कर. डुकराला काय घालायचं? ओकच्या झाडाखाली पडलेली फळं. 1898 मधली त्याची पहिली पत्रिका याच विषयावर होती! शेंगदाण्याची प्रसिद्ध पत्रिका आली ती 1916 ला, म्हणजे किती नंतर बघा.

शेतकरी संस्थेपर्यंत येईनात, म्हणून 1906 मध्ये संस्थाच गाडीत घालून शेतकऱ्याकडे नेली. ती जेसप वॅगन. अवजारं, बियाणं, दूध-लोण्याचं सामान घेऊन गाडी गावोगाव जाई आणि तिथेच प्रात्यक्षिक होई. आपल्यासाठी मुद्दाम सांगते, 1910 मध्ये त्याने खेड्यातल्या शाळांसाठी निसर्ग-अभ्यास आणि बागकाम यावरही पत्रिका काढली. शाळेच्या परसबागेची कल्पना काही कालची नाही!

मुलांना कार्व्हर देवासारखा सांगू नका. संस्थेचं कुक्कुटपालन त्याच्याकडे होतं आणि ते नीट चाललं नाही. पिल्लं मरत, अहवालांवर प्रश्न उठले, वॉशिंग्टन यांच्याशी खटके उडाले, त्याने राजीनाम्याची भाषाही केली. चवळी-रताळ्याचा सल्ला पाळणंही सगळ्यांच्या हातात नव्हतं. जमीनमालक कापूसच लाव म्हणाला, तर बटईवाला काय करणार? मातीचं उत्तर कार्व्हरकडे होतं, मालकीचं नव्हतं. हा प्रश्न मोठ्या वर्गात जरूर चर्चेला घ्या, मुलं छान बोलतात.

शेवटपर्यंत तो टस्कीगीतच राहिला. लग्न केलं नाही. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1942 मध्ये, रानात आपोआप उगवणाऱ्या खाण्याजोग्या भाज्यांवर त्याने पत्रिका लिहिली. 5 जानेवारी 1943 रोजी तो गेला. त्याची समाधी टस्कीगीच्याच आवारात आहे, ज्यांच्याशी कोंबड्यांवरून वाद झाले त्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी.